दोन्ही दिशांनी भरलेली गाडी

पोरा सणाच्या आधीच्या आठवड्यात रायपूरच्या गोल बाजारात सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. रस्त्याच्या कडेला मातीचे नांदिया बैल, मातीची इवली जाती आणि चूल-भांडी मांडलेली. आतल्या गल्ल्यांत बांगड्या, पूजेचे सामान, मसाले, काशापितळेची भांडी. पोरा म्हणजे आपला पोळा. त्यानंतर तीनच दिवसांनी तीजा, म्हणजे आपली हरतालिका, आणि तीजेला छत्तीसगढी लेक माहेरी गेलीच पाहिजे. भाऊ नाहीतर बाप तिला आणायला जातो. म्हणून या दिवसांत बसगाड्यांमध्ये बायकांना बसायला जागा नसते आणि बाजारात दुकानदारांना जेवायला सवड नसते.

या गर्दीत भांड्यांच्या एका मराठी दुकानात दरवर्षी एक वाद नव्याने पेटतो. दुकान चालवणाऱ्या गृहस्थांचे घराणे रायपूरच्या तात्यापाऱ्यातले; पारा म्हणजे वस्ती. त्यांच्या वहिनी मूळच्या नागपूरच्या; लग्न होऊन रायपुरात आल्या आणि इथल्याच महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. घरात एकमेकांना ‘भाऊजी’ आणि ‘वहिनी’ यापलीकडे हाक नाही. वादाचा विषय ठरलेला: माणसे गाव सोडून जातात, ते चांगले की वाईट? भाऊजींच्या लेखी ते पलायन, गावाची हार. वहिनींचे म्हणणे, माणसे हलणारच. वाटेत त्यांना कोण लुबाडतो तेवढे बघा.

यंदा सुरुवात भाऊजींनी केली. “महासमुंदकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं, वहिनी. दिवाळीनंतर त्याच्या पाऱ्यातल्या घरांना कुलपं लागली होती म्हणे. धान कापून झालं की सगळे विटभट्टीवर, उत्तर प्रदेशात. पावसाच्या तोंडाशी परत आलेत, दोन महिन्यांनी पुन्हा जातील. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात?”

“हंगामी स्थलांतर. जिथून निघाले तिथेच परत येतात, म्हणून चक्रीयही म्हणतात. पण या दुकानात पक्कं, कायमचं स्थलांतर झालेलं माणूस एकच आहे. मी.”

“तुम्ही? तुम्ही तर लग्न करून आलात.”

“जनगणनेला त्याचं काय! ती दोन गोष्टी विचारते. जन्म कुठे झाला आणि याआधी मुक्काम कुठे होता. दोन्हींचं माझं उत्तर नागपूर. झाले मी स्थलांतरित.”

वहिनींची आकडेवारी पाठ आहे. 2011 च्या जनगणनेत आधीच्या निवासस्थानावरून मोजलेले स्थलांतरित सुमारे 45 कोटी होते. देशातल्या दर 100 माणसांमागे जवळजवळ 37. त्यांत तीनांतल्या दोन स्त्रिया होत्या आणि सर्वांत मोठे कारण रोजगार नव्हे, लग्न होते. बहुतेकींचा प्रवासही लांबचा नव्हता. तालुका किंवा जिल्हा ओलांडला की संपला.

ही गोष्ट एका जर्मन माणसाने वेगळ्या देशात फार पूर्वी टिपली होती. अर्न्स्ट जॉर्ज रावेनस्टाइन फ्रँकफुर्टमध्ये जन्मला, इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि नकाशे काढण्यावर पोट भरू लागला. 1881 ची ब्रिटिश जनगणना चाळून त्याने 1885 मध्ये स्थलांतराचे ‘नियम’ मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात. लांब जाणारी मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक शहरांकडे वळतात. जवळच्या स्थलांतरात बायका पुरुषांच्या पुढे असतात. खेड्यातला माणूस आधी जवळच्या गावात, मग शहरात, अशा टप्प्यांनी सरकतो. आणि प्रत्येक मोठ्या प्रवाहाला उलट वाहणारा एक छोटा प्रवाह असतोच.

“पण तिकडच्या बायका कामाला जात होत्या,” भाऊजींनी पकडले. “घरकामाला, कारखान्यात. आपल्याकडची सासरी जाते. दोघींना एका रकान्यात घालायचं?”

“एका रकान्यात नाही घालत. काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, अशी वेगवेगळी कारणं लिहून घेतात. खोट निराळीच आहे. सून सासरच्या शेतात जन्मभर रोवणी करते, पण तिच्या नावापुढे ‘लग्न’. मी इतकी वर्षं नोकरी केली, तरी माझ्या नावापुढे ‘लग्न’. एका माणसाचं एकच कारण, ही कागदाची सोय आहे.”

भाऊजींना हे पटले, पण त्यांनी स्वतःला या हिशेबातून सोडवून घेतले. त्यांचे घराणे काही पिढ्यांपासून इथले. जन्म इथला, मुक्काम इथला. “आम्ही कुठले स्थलांतरित?”

इथे वहिनी हसल्या.

नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर 1741 मध्ये रतनपूरवर चालून आले आणि हैहयवंशी राजांची सत्ता मोडली. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. त्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. फौजेबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर भिक्षुक, हिशेबनीस, वैद्य, सगळ्यांची कुटुंबे. 1818 मध्ये इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, तशी यांतली कित्येक घरेही हलली. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, माणसे राहिली.

“म्हणजे आम्ही आलो ते तलवारीमागून, असंच ना?”

“तलवारीमागून आणि दौतीमागून. सत्तेबरोबर येणाऱ्याला कोणी स्थलांतरित म्हणत नाही, भाऊजी. डोक्यावर बोचकं घेऊन येणाऱ्याला म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना रतनपूरच्या माणसाने ‘बाहेरचा’ म्हटलंच असेल.”

टप्प्याटप्प्याच्या नियमालाही रायपुरातच उदाहरण सापडते. ज्यांच्या नावाची शाळा शहरात आहे ते माधवराव सप्रे 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले. मराठी घर, पण शिक्षणासाठी आधी बिलासपूर, मग रायपूर, पुढे त्याहून मोठी शहरे. 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. 1907 मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले. 1926 मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. पथरियापासून रायपूरपर्यंत त्यांचा रस्ता सरळ रेषेत कधीच नव्हता. प्रत्येक मुक्काम पुढच्या मुक्कामाची तयारी होता.

“सप्रे शिकायला गेले, लिहायला गेले,” भाऊजी म्हणाले. “त्यांचं जाणं आणि भट्टीवाल्याचं जाणं एका मापाने मोजता तुम्ही, तिथेच बिनसतं.”

मापाचाच प्रश्न होता. अमेरिकन अभ्यासक एव्हरेट ली यांनी 1966 मध्ये स्थलांतराची जी मांडणी केली, ती वहिनी वर्गात शिकवीत. मूळ गावी काही गोष्टी माणसाला धरून ठेवतात, काही ढकलतात. जिथे जायचे तिथेही काही ओढतात, काही दूर लोटतात. दोन्हींच्या मध्ये अडथळे: अंतर, भाडे, भाषा, कायदा. आणि शेवटी माणूस स्वतः: वय, शिक्षण, ओळखीपाळखी, हिंमत.

“म्हणजे तागडीच की,” भाऊजींनी काउंटरवरच्या काट्याकडे हात केला. “एका पारड्यात गाव, दुसऱ्यात शहर. पण वहिनी, मी रोज वजन करतो. तागडी कोणाच्या हातात आहे हे आधी बघावं लागतं. भादोत, म्हणजे भाद्रपदात, ठेकेदाराचा माणूस गावात येतो. घरात कोणी आजारी असतं, पोरीचं लग्न ठरलेलं असतं. तो रोख पैसे मोजून ठेवतो. ती उचल घेतली की कार्तिकात जायचं की नाही, हे पारड्यावर ठरत नाही. आधीच ठरलेलं असतं.”

त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात आसामच्या चहामळ्यांना मजूर हवे होते, तेव्हा छत्तीसगढ आणि छोटा नागपूरच्या गावांतून माणसे गोळा करणाऱ्या दलालांना ‘अरकाटी’ म्हणत. 1859 च्या करारभंगाच्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणे हा गुन्हा ठरला होता. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांनी दलालांचे काम सोपे केले. मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज आज आसामात आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांत छत्तीसगढी बोली अजून ऐकू येते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रीत सांगायला नको. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत दोघे फडावर असतात. भट्टीवर तेच, फक्त कोयत्याच्या जागी साचा. उत्तर प्रदेशात विटा पाडणाऱ्याला ‘पथेरा’ म्हणतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, म्हणून पोरांचे हातही मातीत जातात. हिशेब हंगाम संपल्यावर.

वहिनींनी हे नाकारले नाही. त्यांचा मुद्दा पुढचा होता. “उचल सगळ्यांनाच देतो का तो? म्हाताऱ्याला नाही, आजाऱ्याला नाही, एकट्या विधवेला नाही. अंगात काम आहे अशा जोडीलाच देतो. स्थलांतर निवडून घेतं. मागे कोण उरतं ते बघा, म्हणजे गावाचं खरं दुखणं कळेल. आणि जो जातो तो नुसता ढकलला जात नाही. पाऱ्यातलं कोणीतरी आधी जाऊन आलेलं असतं, भट्टी कुठली बरी, मालक कसा, हे सांगतं. त्या सांगण्यावर पुढची माणसं जातात. साखळीच ती.”

साखळी समजायला गोल बाजारापासून लांब जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे रायपुरात आली. एकाने दुकान थाटले की मागून भाऊ आला, मग साडू, मग साडूचा शेजारी. मारवाडी आणि कच्छी व्यापारी त्याआधीपासूनचे. ओडिशातून आलेले कष्टकरी वेगळ्या वस्त्यांत. गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर जॉर्ज झिफ यांनी 1946 मध्ये मांडलेले सूत्र म्हणते, की दोन शहरांमधली ये-जा त्यांची लोकसंख्या मोठी तितकी जास्त, अंतर मोठे तितकी कमी. कराचीहून किंवा कच्छहून रायपूर गाठणारी माणसे या सूत्रात मावत नाहीत. नात्यागोत्याचा धागा असला की हजार किलोमीटर जवळ वाटतात, आणि तो नसला तर शेजारचा जिल्हाही परका.

नागपूर-रायपूरच्या बाबतीत मात्र सूत्र चपखल बसते. अंतर जेमतेम 300 किलोमीटर. नागपूरहून छत्तीसगढकडे येणारा लोहमार्ग 1880 च्या दशकात रायपूरपर्यंत पोचला आणि बंगाल-नागपूर रेल्वेचा भाग झाला. या गाडीने विदर्भातून शिक्षक आले, रेल्वेचे नोकर, वकील, भांड्यांचे व्यापारी आले. रायपुरात महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. आणि त्याच गाडीच्या परतीच्या खेपेला छत्तीसगढी माणसे नागपूरला गेली. 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने आणि नंतर बांधकामांनी त्यांना ओढले. पूर्व नागपुरात छत्तीसगढी वस्त्या आजही आहेत. काही जण उलट्या दिशेला जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याकडे निघाले.

“हाच तो उलटा प्रवाह,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही रायपुरात बसून म्हणता, आमची माणसं चालली. नागपुरात माझा भाऊ म्हणतो, बाहेरची माणसं आली. गाडी तीच.”

मध्येच भिलाई. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि रायपूरपासून 30 किलोमीटरवर अख्ख्या देशाची वसाहत झाली. सॅम्युएल स्टाउफर यांनी 1940 मध्ये म्हटले होते, की किती माणसे लांब जातील हे नुसत्या अंतरावर ठरत नाही. वाटेत किती संधी आहेत यावर ठरते. भिलाईने ते केले. विदर्भातून पूर्वेला निघालेला एखादा तरुण रायपूरला न येता अलीकडेच उतरला आणि तिथलाच झाला.

भाऊजींना मात्र स्टेशनांपेक्षा छावण्या आठवत होत्या.

रायपूरजवळच्या मान्याला आज विमानतळ आहे. 1964 नंतर तिथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची मोठी छावणी होती. 1958 मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात त्यांना बस्तर आणि ओडिशातल्या कोरापुट, कालाहांडीच्या जंगलात जमिनी द्यायच्या होत्या. नदीच्या गाळावर भात पिकवणारी माणसे मुरमाड माळावर बसवली गेली. 1978 मध्ये त्यांतली हजारो कुटुंबे सामान बांधून बंगालकडे परत निघाली आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर पोचली. 1979 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्यांना तिथून हुसकावले. प्रकल्पातल्या पाखांजूरच्या बाजूला जी राहिली, त्यांच्या पुढच्या पिढ्या आता छत्तीसगढच्याच आहेत. सरगुज्यातल्या मैनपाटवर तिबेटी निर्वासित 1960 च्या दशकात वसले. आणि 2005 नंतर बस्तरच्या हिंसाचारातून पळालेले गोंड आदिवासी गोदावरीपलीकडच्या जंगलात जाऊन राहिले. त्यांनी देश ओलांडला नाही, म्हणून त्यांना निर्वासित म्हणता येत नाही, विस्थापित म्हणावे लागते.

“यांची तागडी कुठे होती?” भाऊजींनी विचारले.

“नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “सक्तीचं स्थलांतर वेगळंच मोजतात. तिथे लीची मांडणी लावायची नाही.”

“मग रेघ कुठे मारता? बंदुकीने हुसकावलं ते सक्तीचं, आणि उचलीने बांधलं ते स्वखुशीचं? माझ्याकडे काशाची थाळी गहाण ठेवून जाणाऱ्या बाईला विचारा ती कोणत्या रकान्यात बसते.”

वहिनींना थांबावे लागले. भूगोलाच्या पुस्तकांत ऐच्छिक आणि सक्तीचे असे दोन भाग असतात. अलीकडचे अभ्यासक त्यांच्याकडे एकाच लांब पट्टीची दोन टोके म्हणून पाहतात, आणि बहुतेक माणसे कुठेतरी मधल्या खुणेवर असतात. वहिनींनी तसे सांगितले. भाऊजींचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे, मधल्या खुणेवरच्या माणसाला कायद्याने ऐच्छिक टोकाकडे खेचता येते. गावात पाणी द्या, दुसरे पीक निघू द्या. छत्तीसगढच्या कोरडवाहू भागात एकदा धान निघाले की शेत आषाढापर्यंत रिकामे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने 100 दिवसांचे काम कबूल केले होते, तसे काम हाताला वेळेवर मिळाले तर ठेकेदाराच्या उचलीला कोण हात लावील?

“काही जण तरीही जातील,” वहिनी म्हणाल्या. “आणि गेले तर गुन्हा नाही केला. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून अंदाज काढला होता: एका राज्यातून दुसऱ्यात कामासाठी जाणारे वर्षाला सुमारे 90 लाख. इतक्या लोकांना गावात कोंडून ठेवणार? 2020 च्या टाळेबंदीत कोंडलं होतं, तेव्हा ते शहरात कोंडले गेले आणि चालत घरी निघाले. याच शहरातून चालत गेले. त्यांना रेशन हवं होतं तिथे, जिथे ते होते.”

1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, कामगाराला पासबुक, विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे, सगळे त्यात लिहिले होते. शिधापत्रिका देशभर चालण्याची सोय 2022 पर्यंत सर्व राज्यांत पोचली. भाऊजींचा प्रश्न एवढाच, की गिऱ्हाइकांपैकी एकाच्याही खिशातून ते पासबुक कधी बाहेर का आले नाही.

शेवटी वाद येऊन ठेपला तो मोजणीवर. जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत होते. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी, आणि पुढची 2027 च्या फेब्रुवारीत ठरली आहे. विटभट्ट्या तेव्हा ऐन भरात असतात. महासमुंदच्या त्या पाऱ्यातली जोडपी तेव्हा गावात नसतील. 2007-08 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने वर्षात एक महिना ते सहा महिने बाहेर राहणाऱ्यांची वेगळी गणना केली होती, पण ती पाहणी होती, शिरगणती नव्हे.

वहिनींचे मत पक्के आहे: त्यांना भट्टीवरच मोजा, म्हणजे त्या जिल्ह्याला शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना तिथे द्यावा लागेल. भाऊजींचे तितकेच पक्के: त्यांना गावात मोजा, भादोत मोजा, कारण लोकसंख्या कागदावर घटली की कालव्याचा आणि शाळेचा पैसाही घटतो, मग उरलेलेही निघतात. दोन्ही ठिकाणी का नाही, असे दुकानातल्या पोऱ्याने मध्येच विचारले. वहिनी म्हणाल्या, एक माणूस दोनदा मोजला तर बेरीज चुकते. भाऊजी म्हणाले, वर्षातले आठ महिने एकीकडे आणि चार महिने दुसरीकडे राहणारा माणूस एकदाच मोजला तरी ती चुकतेच. त्यावर वहिनींनी कागद मागवला आणि बारा महिन्यांचे रकाने आखायला घेतले. पहिल्याच रकान्यावर, वर्ष चैत्रापासून धरायचे की धान कापल्यापासून, दोघांचे जमले नाही.